माइकवरची रेघ

आमच्याकडे आता पावसाळ्यात दूध यायच्या आधी सुट्टी येते. मोबाइलवर लाल रंगाचा इशारा, त्याखाली साहेबांचा आदेश आणि त्याखाली शिक्षकांच्या गटावर कुणीतरी उत्साहाने टाकलेले जोडलेले हात. अतिवृष्टीमुळे शाळा बंद. हायसं वाटून मी चहाचं आधण ठेवते, आणि ते उकळेपर्यंत दुसरा निरोप येतो की वर्ग मात्र फोनवरून घ्यावेत. म्हणजे शाळेला सुट्टी आणि शाळेच्या बाईंना नाही.

आज सकाळीही तसंच झालं. महाडात आषाढातल्या पावसाकडे कुणी कौतुकाने बघत नाही. त्याच्यावर नजर ठेवावी लागते. आमचे हे उठल्याबरोबर छत्री घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले आणि सावित्री नदीचं पाणी बघून आले. "अजून लाल नाही झालं," म्हणाले, म्हणजे फ्रिज विटांवरून माळ्यावर चढवायची वेळ आली नव्हती. आमच्या गावात घरातल्या वस्तूंच्या जागा पाण्याला विचारून ठरतात. कागदपत्रं सगळ्यात वर, मग गाद्या, मग धान्य. मी मात्र तांदळाचा डबा वरून खाली काढला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि त्याला फोन टेकवला. फोन उभा करायची खास काठी मिळते हे मला ठाऊक आहे. मला डबाच बरा वाटतो.

एकेक चौकोन उघडत गेला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या वाटेने गेलं की डाव्या हाताला एक फाटा फुटतो, तिथून वर आमच्या शाळेची वाडी. आता डोंगरावर टॉवर आलाय, घराघरात फोन आहेत. चौकोनात पोरं दिसली. कुणाच्या मागे चूल, कुणाच्या मागे वाळत घातलेले आणि आठवडाभर न वाळलेले कपडे. आणि आवाज! पत्र्यावरचा पाऊस, म्हैस, कोंबडा, कुणाच्या तरी आईचं "दार लाव गो, पानी आत येतंय," या सगळ्यातून मी पर्यावरणाचा धडा शिकवते. बाकीचे शिक्षक मला चिडवतात. "बाई, तुमचा वर्ग आहे की आठवड्याचा बाजार? माइक बंद करायला सांगा की पोरांना." मी हसून वेळ मारून नेते. माझ्या वर्गात माइक बंद करायला बंदी आहे.

कारण कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर तो सगळा पावसाळा सांगावा लागेल. त्या पावसाळ्यात त्या बंद माइकच्या आड एक माणूस खोकत होता, रोज, माझ्याच वर्गात, आणि मला तो ऐकू येत नव्हता.

तेव्हा साथीमुळे सगळंच बंद होतं. डेपोत एसटीच्या लालपऱ्या रांगेने उभ्या होत्या, त्यांच्या चाकांतून गवत वर आलं होतं. आमचे हे डेपोत मेकॅनिक, हातात पाना नाही म्हणून त्यांना घरात कुठे उभं राहावं तेच कळेना. शाळा बंद, पण शिक्षण सुरू, असा आदेश निघाला. आदेश काढणं सोपं असतं. मी तोवर फोनचा उपयोग फोन करायलाच करत होते. पहिल्या दिवशी मी मन लावून अपूर्णांक शिकवले, आणि नंतर कळलं की समोरच्यांना सगळा वेळ आमच्या घराचा पंखाच दिसत होता. दुसऱ्या वेळी माझं कपाळ दिसलं. मग ह्यांनी सूत्रं हाती घेतली. कपाटाच्या दाराला मागून काळा रंग दिला, त्याचा फळा केला. उजेड कमी पडतो म्हणून स्वतः बॅटरी धरून कडेला उभे राहिले. तासाच्या शेवटी हात भरून आले की बॅटरी हळूहळू खाली यायची आणि माझे अपूर्णांक अंधारात बुडायचे.

पण हा सगळा तमाशा बघायला होतं कोण? केंद्रातल्या दोन शिक्षिका आणि ह्यांचा भाचा. वाडीतलं एकही पोर नाही. वाडीत फोन होते ते बटणांचे, आणि घरात बसून त्यांनासुद्धा रेंज नव्हती. सातवीचा माझा वर्ग म्हणजे यादीतली नावं. रोज संध्याकाळी किती मुलांपर्यंत पोचलात ते कळवायचं असे. मी शून्य लिहायची. मग वरून विचारणा व्हायची, शून्य कसं?

मग मुंबईकर आले. आमच्या डोंगरातल्या वाड्यांमधलं कर्तं माणूस मुंबईत असतं. गणपतीला आणि शिमग्याला येतं, चार दिवस घर भरतं आणि पुन्हा रिकामं होतं. त्या वर्षी ते सणाशिवाय आले. कुणी भाजीच्या टेम्पोत बसून, कुणी महामार्गाने चालत. त्यांना सरळ घरात कसं घ्यायचं? वाडीची बैठक झाली आणि ठरलं की आल्या माणसाने आधी शाळेत राहायचं, ठरलेले दिवस काढायचे आणि मग उंबरा ओलांडायचा. माझ्या शाळेच्या दोन खोल्यांतली बाकं भिंतीला रचली गेली. बाराखडीच्या तक्त्याखाली माणसं पथाऱ्या टाकून झोपू लागली.

आणि त्यांच्या खिशात मोठे फोन होते. शाळा माळावर, उंच. वाडीत रेंज मिळे ती तिथेच. हे कुणाच्या आधी लक्षात आलं देव जाणे, पण एका सकाळी माझ्या फोनवर एक चौकोन उघडला, मग दुसरा, आणि प्रत्येकात शाळेची ओळखीची हिरवी खिडकी. बापांनी आतून फोन खिडकीच्या फळीवर ठेवले होते, बाहेर तोंड करून. बाहेर पडवीत, आखून दिलेल्या चुन्याच्या पट्ट्यापलीकडे, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन माझी पोरं बसली होती. मला रडूच फुटलं. शाळा भरली होती. सगळे होते, मी तेवढी नव्हते.

ते दिवस, खरं सांगते, मजेचे गेले. वर्गात बापही बसायचे. मी प्रश्न विचारला की खिडकीच्या आतून एखादा जाडाभरडा आवाज यायचा, "बाई, मी सांगू?" पोरं खिदळायची. सातवीत शाळा सोडलेले ते पुरुष त्याच खोलीत परत बसले होते आणि लसावि-मसावि या वेळी तरी समजतो का ते बघत होते. गोंधळ मात्र फार व्हायचा. एकाच खोलीत तीन-चार फोन, प्रत्येकातून माझाच आवाज, तो परत फिरून माझ्याकडे. म्हणून मी ह्यांच्याकडून माइक बंद करायचं शिकून घेतलं आणि सगळ्यांना शिकवलं. माइकच्या चित्रावर बोट ठेवायचं, त्याच्यावर आडवी रेघ आली की तुमचा आवाज बंद. "रेघ मारा" म्हटलं की बंद करायचा, "रेघ पुसा" म्हटलं की सुरू. पोरांना आणि बापांना हा खेळच झाला.

सानिकाचा बाप सगळ्यांत उशिरा आला. तोवर आधी आलेल्यांचे दिवस भरत आले होते. ते एका खोलीत, हा नवा म्हणून दुसऱ्या खोलीत, एकटाच. सुभाष त्याचं नाव. लोअर परळला एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होता. सानिका माझ्या वर्गातली सगळ्यांत बडबडी पोर. तोवर ती दुसऱ्यांच्या बापांच्या फोनपुढे कडेकडेने बसायची आणि मान घालून चौकोनात घुसायची. आता तिचा स्वतःचा चौकोन झाला. बापाने पहिल्याच दिवशी त्यावर नाव लिहिलं, 'सानिका, इयत्ता सातवी'. शिमग्यानंतर बाप-लेक भेटले ते असे, मध्ये गज आणि गजांत माझं तोंड. ती घरून पाट घेऊन यायची आणि चुन्याच्या पट्ट्याला अगदी पाट टेकवून बसायची. तिची आई भाकरीचं फडकं पायरीवर ठेवून लांब उभी राहायची, आणि तो ते उचलून आत नेईपर्यंत तिथून हलायची नाही.

दोन-तीन दिवसांनी सुभाषने वर्ग सुरू व्हायच्या आधीच विचारलं, "बाई, ती रेघ कशी मारायची ती मला नीट दाखवा."

"का हो? तुमच्या खोलीत तर तुम्ही एकटेच."

"पावसाचा लय आवाज येतो बाई. पत्रा हाय. बाकीच्या पोरांना त्रास नको."

मी दाखवलं. तो भराभर शिकला. बाकीचे बाप रेघ मारायची विसरत, पुसायची विसरत, मध्येच कुणीतरी बायकोला मिरचीचा ठेचा आणायला सांगे आणि ते आख्ख्या वर्गाला ऐकू जाई. सुभाषचं तसं नाही. रेघ कायम मारलेली. मी सानिकाला प्रश्न विचारला की झटकन रेघ पुसली जायची, "सांग गो," एवढं त्याचं, मग लांबून सानिकाचं उत्तर, आणि लगेच रेघ परत जागेवर. मी सगळ्यांना सांगायची, सानिकाच्या बाबांकडे बघा, कसं शिस्तीत चाललंय. तंत्रज्ञान म्हणजे काय राक्षस नाही, मन लावलं की जमतं. मी स्वतः चार दिवसांपूर्वी शिकलेली, पण आव मोठा.

आरोग्य केंद्राच्या आशाताई रोज यायच्या. कपाळासमोर ताप मोजायचं ते पांढरं यंत्र धरायच्या, आकडा लिहून घ्यायच्या. "खोकला-बिकला?" "नाय." यंत्राला खोकला कळत नाही. आणि पत्र्यावर पाऊस असा की शेजारच्या खोलीतल्या माणसांनाही भिंतीपलीकडचं काही कळलं नाही.

लावणी सुरू झाली होती. आमच्या इकडे लावणीला मजूर ठेवत नाहीत, तेवढं कुणाकडे नसतं. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. ज्याच्या घरचं माणूस दुसऱ्याच्या चिखलात उतरलं नाही त्याच्याकडे कुणी यायचं नाही, असा साधा हिशोब. सानिकाची आई पहिल्या दिवसापासून सगळ्या वाडीच्या चिखलात उभी होती. आता तिच्या खाचराची पाळी येणार होती. रोप वाढून तयार होतं. ते फार दिवस थांबत नाही, वय झालं की लावूनही धरत नाही. आणि त्याच दिवसांत खालच्या एका वाडीत कुणाला तरी ताप निघाला, तर वाडीच्या तोंडाशी बांबू आडवा बांधला होता. त्या वाडीचं रोप तसंच पिवळं पडत होतं. हे सगळ्यांनी पाहिलेलं.

लावणीच्या दिवसांत मी वर्ग सकाळी लवकर घ्यायची. त्या दिवशी क्षेत्रफळ चाललं होतं. मध्येच सुभाषने आपण होऊन रेघ पुसली.

"बाई, आज आमच्या शेतात लावनी हाय. हितून दिसतंय. पोरांना दाखवू का? क्षेत्रफळच हाय."

मी म्हटलं, दाखवा की. त्याने रेघ मारली, फोन उचलला आणि मागच्या खिडकीशी नेला. शाळेच्या खालीच त्यांची खाचरं. लहानशा चौकोनात मला दिसली ती वाकलेल्या बायकांची रांग, पाठीवर प्लास्टिकची खोळ, आणि त्यांच्यापुढे राखाडी पाणी आणि मागे हिरवा पट्टा. बायका मागे सरकत होत्या आणि हिरवा पट्टा वाढत होता. मी पोरांना विचारलं, लांबी समजा एवढी, रुंदी समजा एवढी. चित्र सारखं हलत होतं. मध्येच जोरात हिसका बसायचा, छत दिसायचं, गज दिसायचे, परत शेत. मी म्हटलं, "रेंज नीट नाहीये वाटतं. असू दे, कळलं आम्हाला." पण त्याने फोन खाली ठेवला नाही. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत खाचर हिरवं होईतो तो दाखवत राहिला, आवाजाशिवाय.

दुसऱ्या दिवशी तो चौकोन उघडला नाही. मला वाटलं, चार्जिंग नसेल. वाडीत वीज गेली की शाळेतही जाते. दुपारी आशाताईंचा फोन आला. सकाळी भाकरी न्यायला तो पायरीपर्यंत आला नाही. आई हाका मारत राहिली. मग पोलादपूरहून गाडी आली, अंगभर पांढरे कपडे घातलेली माणसं आली, त्याला धरून गाडीत घातलं. तो चालत गेला म्हणे, पण चार पावलांनी थांबत थांबत. सानिका पट्ट्यापाशी उभी होती. महाडला जागा नव्हती, पुढे नेलं. नंतर तिथून कुणी तरी फोनवर सांगितलं की आणायला उशीर केलात. चार-पाच दिवसांत सगळं संपलं. त्याला परत कुणी पाहिलं नाही. तिकडेच, अनोळखी हातांनी, जे करायचं ते केलं.

मला तेव्हा वाटलं, अचानक झालं. हा आजार असाच असतो, असं मी सगळ्यांना सांगत राहिले.

वाडी संतापली. आमाला फशिवलं, म्हणाले. त्यांच्या भीतीला मी नावं ठेवत नाही, ज्यांच्या घरात लहान पोरं होती त्यांनी किती दिवस कपाळाला हात लावून ताप बघितला असेल. सुदैवाने वाडीत कुणाला काही झालं नाही. पण बेणणीला त्या खाचरात कुणी उतरलं नाही. दोघी मायलेकी गवत काढत होत्या, असं कळलं. मी महाडात बसून फोन करायची, सानिकाच्या आईशी बोलायची, आणि फोन ठेवल्यावर काय बोलले ते मलाच आठवायचं नाही.

एक दिवस चौकोन उघडला. 'सानिका, इयत्ता सातवी'. फोन पिशवीत बांधून परत आला होता, आईने तो कित्येक दिवस उन्हाची तिरीप येईल तिथे ठेवला आणि मग लेकीच्या हातात दिला. बाकीचे मुंबईकर तोवर आपापल्या घरी गेले होते, पोरं आता थेट पडवीत फोन घेऊन बसत. सानिकाचा चौकोन काळा, चेहरा नाही, नावापुढे रेघ. मी म्हटलं, "सानिका, रेघ पूस बाळा." काही झालं नाही. वाटलं, आज नको. मग उद्याही झालं नाही. ती रोज यायची, वर्ग संपेपर्यंत असायची, दिलेला अभ्यास फोटो काढून पाठवायची, सगळी उत्तरं बरोबर. पण सातवी संपेपर्यंत त्या बडबड्या पोरीचा आवाज मी ऐकला नाही. मीही आग्रह सोडला. दुःख आहे, म्हटलं, ओसरेल.

दिवाळीनंतर आईने माझ्यासाठी नव्या तांदळाची पिशवी पाठवली. शिकवणाऱ्या बाईला नवा तांदूळ द्यायचा ही वाडीची रीत, आणि त्या वर्षीही ती मोडली नाही. भात चांगला झाला होता म्हणे. मी तो तांदूळ डब्यात भरला. शिजवायला मन होईना. हे म्हणाले, "त्याने लावून घेतलाय तो, टाकणार आहेस का?" मग शिजवला. वासाचा होता. आम्ही दोघं जेवलो.

पुढे सानिका आठवीला पोलादपूरच्या शाळेत गेली आणि माझ्या नजरेआड झाली.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी माझा फोन बिघडला. मी बोलायची ते पलीकडे जायचंच नाही. महाडच्या बाजारात, चवदार तळ्याकडून आत आलं की मोबाइलची बरीच दुकानं लागतात, त्यातल्या एकात गेले. मालक बाहेर गेला होता. काउंटरवर एक उंच मुलगी, केसांची घट्ट वेणी. मी फोन पुढे केला तसं तिने वर पाहिलं.

"बाई."

सानिका. सकाळी कॉलेज करते आणि दुपारी दुकानात बसते, म्हणाली. आईची तब्येत बरी आहे, खाचर आता अर्धलीने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, दिलंय. मी तिला किती बारीक झालीस वगैरे म्हटलं, आपण म्हणतो ते सगळं. तिने माझा फोन उघडला, बारीक ब्रशने खालची भोकं साफ केली. मग फोन माझ्यापुढे धरला.

"बोला बाई कायतरी. आवाज जातो का बघते."

मी म्हटलं, "सानिका, इयत्ता सातवी."

तिने ते रेकॉर्ड केलेलं परत लावलं. छोट्या दुकानात माझाच आवाज ऐकू आला. तिने तो बंद केला आणि फोनकडे बघत बोलली, "बाई, बाबा खोकायचे."

मला आधी कळलंच नाही.

"दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासनं. तुमी शिकवायच्या तेव्हा लय यायचा. म्हनून ते रेघ मारायचे. पाऊस-बिऊस काय नाय. तुमाला ऐकायला जायचं नाय, पन मला जायचं. मी खिडकीशीच व्हते ना."

बाहेर रिक्षा गेली.

"बाबा बोलले, आत्ता कळलं तर वाडी बंद करतील, आपल्या शेतात कोन येनार नाय. लावनी व्हऊ दे, मग सांगू बाईंना. मी रोज बोलायची, आज सांगू? तर बोलायचे, उद्या. त्या दिवशी शेत दाखवलं ना, तेव्हा चित्र हालत व्हतं. तुमी बोलल्या रेंज नाय. रेंज व्हती बाई. ते खोकत व्हते."

इतकी वर्षं ते चित्र माझ्याजवळ होतं. हिरवा पट्टा, हिसका, छत, गज, परत हिरवा पट्टा. मी ते कधी कधी आठवून म्हणायची सुद्धा, निदान लावणी तरी पाहिली बिचाऱ्याने. आता त्याच चित्राला आवाज आला.

"मी सांगितलं असतं तर वाचले असते का हो?" तिने विचारलं. रडत नव्हती. दुकानात गिऱ्हाइकाला किंमत सांगावी तशा आवाजात विचारलं.

मी शिक्षिका. प्रश्न आला की उत्तर द्यायची सवय. तुझी काही चूक नाही, तू लहान होतीस, असं मी म्हणाले, आणि ते खरंच आहे. पण तिने विचारलं होतं ते वेगळं. आठ दिवस आधी गाडी आली असती तर? कदाचित. कदाचित नाहीही. माइकची आडवी रेघ त्याने माझ्याकडून शिकून घेतली आणि तिच्यामागे पोरीला एकटी ठेवली. बाप म्हणून त्याने तिच्या ताटातला भात वाचवला आणि त्यापायी तिच्या गळ्यात हा दगड बांधला. मला त्याचा राग आला. राग येऊन जो माणूस समोर नाही त्याच्याशी भांडायचं तरी कसं? मी काउंटरवरून हात पुढे करून तिचा हात धरला. तिने धरू दिला. तेवढ्यात मालक आला, तिने हात सोडवून घेतला आणि फोन माझ्या हातात दिला.

"आवाज जातोय आता," म्हणाली.

त्या दिवसापासून माझ्या वर्गात रेघ बंद. शाळेत बसून शिकवताना हा प्रश्नच येत नाही, तिथे पोर शिंकलं तरी मान वळते. पण अशा सुट्टीच्या दिवशी मी पोरांना आधी हेच सांगते की कुणीही माइक बंद करायचा नाही. कोंबडा येऊ दे, म्हैस येऊ दे. त्यांना मजा वाटते. मला तो सगळा गलका कान देऊन ऐकायचा असतो. शिकवताना मी आता अर्धीच शिकवत असते, अर्धी ऐकत असते. याला काही अर्थ नाही, ते मला कळतं. आता तसा आजार नाही, तशी भीती नाही, आडवे बांबू नाहीत. आणि जे ऐकायचं होतं ते ऐकायची वेळ टळून गेली.

आज धडा पाण्याचा होता. पाणी कुठून येतं, कुठे जातं. बाहेर सावित्रीकडे हे पुन्हा एकदा बघून आले आणि दारातून मला खुणेनेच सांगितलं, चढतंय. मी मान हलवली. पोरं एकदम बोलत होती, पत्रा वाजत होता, आणि त्या सगळ्याच्या खालून मला ऐकू आलं. खोल, ओला, दाबून धरलेला, एकदा. मग परत.

मी थांबले. "कोण खोकलं?"

माझा आवाज जरा चढला असावा. गलका एकदम खाली आला. चौकोनातली तोंडं एकमेकांकडे बघू शकत नाहीत, म्हणून ती सगळी माझ्याकडे बघत होती.

"कोण खोकलं, सांगा."

आणि मग एका नावापुढे माइकवर रेघ आली. मग दुसऱ्या. मग भराभर सगळ्यांच्या. बाई रागावल्या, आवाज बंद करा. म्हैस गेली, कोंबडा गेला, पाऊस गेला. सगळी पोरं तोंड मिटून, शहाण्यासारखी बसली. घरात फक्त माझा आवाज उरला.

"अरे, रेघ पुसा," मी म्हणत होते. "पुसा रे. कोणी रागावणार नाही. खोकला आला तर खोका बाळांनो. मला ऐकू येऊ दे."